पाबळच्या पिनकोडात सतराचा वर्ग

412403. शिरूर तालुक्यातल्या पाबळचा हा पिनकोड. 15 ऑगस्ट 1972 रोजी ही पद्धत देशात सुरू झाली. तिची आखणी केली टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, उरलेले तीन टपाल कार्यालयाचे. खात्याला या संख्येकडून एवढंच हवं असतं. पण एकदा लिहिली गेली की संख्या आपले गुणधर्म सोबत घेऊनच येते.

हाताने करत शिकावं, या विचारातून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभारला. तेव्हा इथंही कॅल्क्युलेटर नको, पेन्सिल घ्या. 17 ने भाग जातो का हे पाहायला शेवटचा अंक काढा आणि त्याची पाचपट उरलेल्या संख्येतून वजा करा. 41240 − 15 = 41225. पुन्हा तेच: 4122 − 25 = 4097. मग 409 − 35 = 374. मग 37 − 20 = 17. शेवटी 17 उरले, म्हणजे 412403 ला 17 ने पूर्ण भाग जातो.

असं का होतं? पहिल्या पायरीत आपण खरं तर 412403 मधून 3 × 51, म्हणजे 153, वजा केले आणि आलेल्या 412250 चं शून्य पुसलं. सतरा त्रिक एक्कावन्न, त्यामुळे वजाबाकीने 17 ची विभाज्यता बिघडत नाही. आणि 10 व 17 यांत सामाईक विभाजक नसल्याने शून्य पुसूनही बिघडत नाही. किती साधी युक्ती, आणि किती पक्की!

भागाकार येतो 24259. त्यालाही 17 ने भाग जातो आणि भागाकार येतो 1427. ही मात्र मूळ संख्या: 37 पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने तिला भाग जात नाही, आणि 38 चा वर्ग 1444 तिच्या पुढे जातो. म्हणजे 412403 = 17 × 17 × 1427. सतराच्या वर्गाने भाग जाणारी संख्या दर 289 संख्यांत एकच असते. पाबळच्या वाट्याला ती आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता याच पिनकोडाला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची क्रिया लावू. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, हेच करत राहा. चार अंकी संख्या बहुधा त्यांच्या प्रसिद्ध 6174 वर थांबते. सहा अंकी संख्या, तिचे सगळे अंक सारखे नसतील तर, 549945 किंवा 631764 वर थांबते, नाहीतर सात संख्यांच्या चक्रात फिरत राहते. 443210 − 012344 = 430866, मग 831762, मग 752643... बाराव्या वजाबाकीला पाबळ 851742 वर पोचतं. पुढे 750843, 840852, 860832, 862632, 642654, 420876 आणि पुन्हा 851742. पुणे जीपीओचा 411001 याच चक्रात तिसऱ्याच वजाबाकीला येतो, 860832 वर. देवळाली कॅम्पचा 422401 चौथ्या वजाबाकीला, 420876 वर.