भिजलेल्या पुस्तकाचे पहिले दोन दिवस

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी, भूम, परंडा भागात उभे सोयाबीन पाण्याखाली गेले, घरांत पाणी शिरले. धान्य, कपडे, जनावरांचा चारा यांची मदत आधी यायला हवी, हे खरेच. पण अशा वेळी भिजलेली पुस्तके चिखलाबरोबर उकिरड्यावर जातात. त्यांतली कितीतरी वाचवता येतात. मात्र त्यासाठी हाताशी दोन दिवसच असतात.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. हे तंतू पाणी ओढून घेतात आणि फुगतात. आजच्या छपाईचे पुस्तक स्वतःच्या वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत पाणी पिते, दोनशे वर्षांपूर्वीचे त्याहूनही जास्त. फुगलेली पुस्तके कपाटात इतकी आवळून बसतात की जोराने ओढली तर पुठ्ठा हातात येतो. बांधणीतली खळ हे बुरशीचे आयते खाद्य. दमट, उबदार हवेत ४८ ते ७२ तासांत बुरशी दिसू लागते. गुळगुळीत आर्ट पेपरवरचा मातीचा लेप ओला झाला की पाने चिकटतात, आणि तशीच वाळली तर पुन्हा सुटत नाहीत. उलट बोरूने काजळीच्या शाईत लिहिलेल्या पोथीची अक्षरे बहुधा टिकतात, कारण काजळी म्हणजे कार्बन, तो पाण्यात विरघळत नाही. फाउंटन पेनने लिहिलेल्या नोंदवहीची मात्र शाई पसरते. म्हणून पहिला हात नोंदवह्यांना आणि गुळगुळीत पानांच्या पुस्तकांना लावावा.

आपण लगेच पुस्तके उन्हात मांडतो. तिथेच घोटाळा होतो. कडक उन्हात वरची पाने आधी आवळतात, आतली ओलीच राहतात. पुस्तक वाकडे होते आणि कागद पिवळा पडतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, थोड्या थोड्या पानांनंतर कोरा शोषक कागद घालून आणि तो वारंवार बदलत वाळवणे हा खरा उपाय. पण हजार पुस्तके एकदम भिजली तर इतके हात आणायचे कुठून?

१९६६ साली ४ नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचे पाणी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले. देशोदेशीचे विद्यार्थी साखळी करून चिखलातले ग्रंथ बाहेर देत राहिले, आणि ते वाळवायला तंबाखूच्या भट्ट्याही वापरल्या गेल्या. ग्रंथसंवर्धनाच्या आजच्या शास्त्राला मोठी चालना मिळाली ती या पुरातून. लेनिनग्राडमध्ये फेब्रुवारी १९८८ मध्ये विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली. ती विझवताना लाखो पुस्तके भिजली, तेव्हा शहरातल्या लोकांनी ती घरी नेली, वाळवली आणि परत आणून दिली. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ पासूनचे. २००५ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत त्याची पुस्तके भिजली, आणि वाचकांनी नवी पुस्तके देऊन ते पुन्हा उभे केले. हा जिव्हाळा मोलाचा आहे. पण गावचा जुना अंक, हस्तलिखित, संस्थेचे इतिवृत्त कोणी देणगीत देऊ शकत नाही.

अशा वेळी उपयोगी पडते ती थंडी. उणे अठरा अंशांच्या आसपास पुस्तक गोठवले की बुरशी मरत नाही, पण थांबते, शाई पसरायची थांबते. मग दहा-दहा पुस्तके बाहेर काढून सवडीने वाळवता येतात. मोठ्या संस्था निर्वात कक्षात त्यांतल्या बर्फाची थेट वाफ करतात, त्यामुळे पाने पुन्हा ओली होत नाहीत. तशी यंत्रणा आपल्या तालुक्यात नाही. पण भूम-वाशीचा पट्टा खव्याचा आहे आणि खवा टिकवायचा तर शीतपेटी लागतेच. फ्लॉरेन्सच्या कामी तंबाखूच्या भट्ट्या आल्या, तशी इथे खव्याची शीतपेटी येऊ शकते. खाद्यपदार्थ काढून रिकामी केलेली एखादी पेटी, प्लॅस्टिकच्या पिशवीत एकेक पुस्तक, पिशवीवर क्रमांक, आणि बुरशी दिसली तर तोंडाला मास्क, हातात मोजे. एवढी तयारी पुरते.

ग्रंथालय ‘अ’ वर्गाचे असो वा ‘ड’ वर्गाचे, पुढच्या पावसाळ्याआधी संचालक मंडळाने तीन गोष्टी ठरवाव्यात: खालच्या फळीवरून दुर्मीळ पुस्तके वर हलवायची, सर्वांत आधी वाचवायच्या ग्रंथांची यादी दारामागे लावायची, आणि शीतपेटी असलेल्या एका व्यापाऱ्याला आजच विचारून ठेवायचे. आणि अशा वेळी मदतीला हात हवेत, म्हणून वाचकांनी आपापली नावे आणि फोन क्रमांक ग्रंथपालांकडे आताच द्यावेत.