हृदयध्वनींवरून रक्तदाबाचा अंदाज : तत्त्व व मर्यादा

प्रस्तावना :
उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांवाचून वाढतो. म्हणून त्याची नियमित मोजणी अत्यावश्यक ठरते. इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधावयाचा हवेचा पट्टा वापरात आणला. १९०५ मध्ये रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालील धमनीतील ध्वनी ऐकून वरचा व खालचा दाब ठरविण्याची पद्धत दिली. मात्र पट्ट्याने त्या क्षणाचाच दाब कळतो. दिवसभरातील चढउतार हृदयाच्या ध्वनींवरून टिपता येतील काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तत्त्व :
हृदयाचा पहिला ध्वनी कर्णिका व निलय यांमधील झडपा मिटताना, तर दुसरा ध्वनी महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्या मुखाशी असलेल्या झडपा मिटताना उमटतो. महाधमनीतील दाब अधिक असल्यास तिची झडप जोराने मिटते व दुसरा ध्वनी ठळक होतो. दुसरे गमक वेळेचे आहे. छातीवरील संवेदक पहिला ध्वनी टिपतो आणि बोटावरील प्रकाश-संवेदक नाडीची लाट टिपतो. दाब वाढला की धमनीची भिंत ताठरते व लाट वेगाने धावते. सेकंदाला ५ मीटर वेगाने १ मीटर अंतर २०० मिलिसेकंदांत, तर ६ मीटर वेगाने सुमारे १६७ मिलिसेकंदांत कापले जाते. अशा सूक्ष्म फरकावरून दाबातील बदलाचा अंदाज बांधला जातो.

मर्यादा :
हा कालावधी केवळ दाबावर अवलंबून नसतो. वयोमानानुसार धमन्या ताठर होतात. तसेच पहिल्या ध्वनीनंतर रक्त महाधमनीत शिरेपर्यंत जाणारा अल्प काळ श्रम व औषधे यांमुळे बदलतो. म्हणून प्रत्येक व्यक्तीसाठी आरंभी, व पुढेही ठरावीक काळाने, पट्ट्याच्या मोजणीशी मेळ घालावा लागतो. सोलापूरसारख्या यंत्रमागांच्या शहरात आणखी एक अडचण संभवते : मागांचा खडखडाट व कामगाराची सततची हालचाल यांत हृदयाचे मंद ध्वनी बुडून जातात. युरोपीय उच्च रक्तदाब संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही निदान व उपचारासाठी पट्टारहित उपकरणांची शिफारस केलेली नाही.

निष्कर्ष :
हृदयध्वनी दाबातील बदल सुचवितात. दाबाचा नेमका आकडा पट्ट्याच्या आधारावाचून देत नाहीत. चुकीने कमी आलेल्या आकड्यावर विसंबून कामगाराने गोळी बंद केल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. यास्तव हे तंत्र पट्ट्याला पूरक मानावे, पर्याय नव्हे.