संगणकाची उष्णता : वारा की पाणी?

संगणकावर खेळ खेळण्याचा नाद असलेल्या तरुणांमध्ये एक प्रश्न हटकून चर्चिला जातो. प्रोसेसर थंड राखण्यासाठी पंखा पुरेसा आहे, की पाण्याची योजना करावी? घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रश्न बहुधा निव्वळ हौसेचा वाटतो. परंतु साठ-सत्तर हजार रुपये किंवा त्याहूनही अधिक रक्कम घालून जे यंत्र घरी आणले, त्याचे काम आणि त्याचे आयुष्य या निवडीशी काही अंशी निगडित असते. शिवाय पाच-सात हजार रुपये कोठे घालावेत आणि कोठे घालू नयेत, हा प्रश्न कोणत्याच घरात क्षुल्लक नसतो.

ही उष्णता येते कोठून, हे प्रथम पाहू. प्रोसेसर जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. तो गणिते करतो हे खरे, पण केलेले गणित म्हणजे काही साठवून ठेवलेली ऊर्जा नव्हे. १९४६ साली अमेरिकेत लोकांसमोर आलेल्या एनिअ‍ॅक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. ती उष्णता हटविण्यासाठी मोठमोठे झोतपंखे बसवावे लागले होते. मात्र ती एका प्रशस्त दालनभर पसरलेली असे. आजची अडचण निराळी आहे. १९९३ सालचा पहिला पेंटियम प्रोसेसर सुमारे पंधरा वॉट वीज घेत असे. २०२३ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या कोअर आय-९ १४९००-के या प्रोसेसरला जोराच्या कामात २५३ वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे. जुन्या शंभर वॉटच्या अडीच दिव्यांइतकी ही उष्णता अंगठ्याच्या नखाहून फारशा मोठ्या नसलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते. ती वेळीच हटली नाही तर प्रोसेसर लगेच जळतो असे मात्र नाही. तपमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचताच तो आपला वेग आपणहून कमी करतो आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते. खेळणाऱ्याला एवढेच जाणवते की पडद्यावरील चित्र अडखळू लागले आहे.

आता पाण्याविषयीचा एक समज तपासून पाहिला पाहिजे. पाणी म्हणजे गारवा, असे आपल्याकडे सहजच मानले जाते. माठातले पाणी उन्हाळ्यातही थंड लागते आणि वाळ्याच्या ओल्या पडद्यातून आलेला वारा सुखावतो. परंतु हा गारवा पाण्याचा नव्हे, बाष्पीभवनाचा आहे. माठाच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी हवेत उडून जाताना उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ खोलीपेक्षा थंड होऊ शकतो. संगणकातील पाण्याच्या योजनेत असे काहीही घडत नाही. तेथे पाणी नळ्यांमध्ये बंदिस्त असते. ते उडून जात नाही, फक्त फिरत राहते. त्याचे काम हमालाचे आहे. प्रोसेसरजवळची उष्णता उचलायची आणि काही अंतरावर नेऊन हवेच्या स्वाधीन करायची. तेव्हा पाण्याच्या योजनेतही शेवटचे काम हवाच करते.

याउलट ज्याला हवेचे शीतक म्हटले जाते, त्याच्या पोटात पाण्याचे बाष्पीभवन खरोखरच होत असते. चांगल्या प्रतीच्या वायुशीतकात प्रोसेसरवर टेकणारा तांब्याचा तळ, त्यातून वर निघालेल्या चार-सहा तांब्याच्या नळ्या आणि त्या नळ्यांवर ओवलेली अ‍ॅल्युमिनियमची पातळ पाती अशी रचना असते, शेजारी पंखा. मोटारसायकलच्या एंजिनाभोवतीची पाती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पात्यांचे प्रयोजन समजावून सांगायला नको. खरी करामत नळ्यांची आहे. या नळीतील हवा काढून घेतलेली असते आणि आत अगदी थोडे पाणी सोडून दोन्ही टोके बंद केलेली असतात. आत दाब कमी असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ आधीच उकळते. तळाशी वाफ होते, ती वरच्या थंड टोकाकडे धावते, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील बाजूस असलेल्या तांब्याच्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, तळाशी परतते. या उष्णतानलिकेला ना पंप लागतो ना वीज. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ती प्रत्यक्ष करून दाखविली. तशीच कल्पना अमेरिकेतीलच एका एकस्वात दोन दशके आधी नमूद झालेली होती, पण तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते.

मग पंप आणि रबरी नळ्यांचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर एका लहानशा हिशेबात सापडते. २५० वॉट उष्णता वाहून नेताना वाहकाचे तपमान दहा अंशांहून अधिक वाढू द्यायचे नाही असे ठरविले, तर दर सेकंदाला सुमारे वीस लिटर हवा, म्हणजे एक मोठी बादलीभर हवा, लागते. तेच काम सहा ग्रॅम पाणी करते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचाभर. एवढी उष्णता पाण्याच्या रूपाने बोटाएवढ्या जाडीच्या नळीतून हवी तेथे नेता येते. म्हणून शीतकाची पाती प्रोसेसरच्या डोक्यावरच असली पाहिजेत असे बंधन उरत नाही. ती पेटीच्या माथ्याशी किंवा दर्शनी बाजूस, एका फुटाहून लांब अशा रेडिएटरच्या रूपात पसरता येतात. पाण्याच्या योजनेचा खरा लाभ हा आहे : अधिक पाती, अधिक पंखे आणि बाहेरची ताजी हवा.

महासंगणकांच्या बाबतीत हा लाभ निर्णायक ठरला. १९८५ सालच्या क्रे-२ या संगणकाची मंडले तर एका विद्युत्-निरोधक द्रवात चक्क बुडवून ठेवलेली होती, आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रवाच्या साह्यानेच उष्णता हटविली जाते. घरगुती यंत्राला मात्र हा न्याय जसाच्या तसा लावता येत नाही.

याचे कारण असे की खेळाच्या वेळी प्रोसेसर आपली कमाल वीज क्वचितच घेतो. खेळांसाठी विशेष वाखाणला गेलेला एएमडीचा रायझेन ७ ७८००-एक्स३डी हा प्रोसेसर खेळ चालू असताना बहुधा शंभर वॉटच्या आतच राहतो. एवढ्या कामाला एका मनोऱ्याचे, म्हणजे पात्यांच्या एकाच गठ्ठ्याचे, दोन-अडीच हजार रुपयांचे वायुशीतक सहज पुरते. २५३ वॉटचा प्रोसेसर घेऊन जो तासन्‌तास चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय चित्रांची घडण करणार आहे त्याची गोष्ट वेगळी. त्याला ३६० मिलिमीटर लांबीच्या रेडिएटरचा उपयोग आहे, आणि त्यासाठी तिप्पट-चौपट किंमत मोजणे वावगे नाही. मधल्या स्थितीतही दोन मनोऱ्यांची मोठी वायुशीतके पुष्कळदा लहान रेडिएटरच्या बरोबरीने काम देतात. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीचे २०१४ साली आलेले एनएच-डी१५ हे शीतक या वर्गातील नमुना मानले जाते. ते १६५ मिलिमीटर उंच आहे आणि पंख्यांसह त्याचे वजन १ किलो ३२० ग्रॅम भरते. ज्याची पेटी अरुंद आहे, त्याला ते बसणार नाही; आणि यंत्र रेल्वेने दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर ते उतरवून ठेवलेले बरे, कारण हे सारे ओझे मुख्य मंडलाला लटकलेले असते.

पाण्याच्या योजनेची एक गोष्ट खरेदीदाराला चकवते. दुकानात पाच मिनिटांचे प्रात्यक्षिक पाहिले तर तीच सरस दिसते, कारण थंड पाणी तापायलाच वेळ लागतो. अर्ध्या तासानंतर पाणी आपल्या स्थिर तपमानाला पोहोचते आणि मग फरक पुष्कळदा चार-पाच अंशांवर येतो. तुलना करायची तर तेव्हा करावी.

यात खोलीच्या तपमानाचा विचार बहुतेक जण विसरतात. कोणतेही शीतक, हवेचे असो वा पाण्याचे, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ते खोलीच्या तपमानावर काही अंशांची भर ठरवते, इतकेच. २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात जयपूरला किंवा नागपूरला ४२ अंशांच्या खोलीत ९२ च्या आसपास जाईल. येथे चार-पाच अंशांच्या लाभासाठी हजारो रुपये देण्यापेक्षा यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, त्याच्या जाळीवरची धूळ पुसणे किंवा पेटीला आणखी एक पंखा लावणे अधिक फलदायी ठरू शकते. वाळ्याचा कूलर लावणाऱ्या घरांत दमट हवेमुळे रेडिएटरवर दव धरेल अशी भीती काहींना वाटते. तिला आधार नाही. रेडिएटर खोलीपेक्षा नेहमी उष्णच असतो. दव धरते ते बर्फाचे पाणी फिरवण्याचे धाडस करणाऱ्यांच्या यंत्रात.

शिवाय पेटीत उष्णतेचा आणखी मोठा धनी बसलेला असतो. २०२२ साली आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाला ४५० वॉटपर्यंत वीज लागते. खेळताना प्रोसेसरच्या कितीतरी पट उष्णता अशा कार्डातून येते आणि प्रोसेसरच्या वायुशीतकाला तीच तापलेली हवा ओढावी लागते. रेडिएटर दर्शनी बाजूस बसवला तर प्रोसेसरला बाहेरची हवा मिळते, पण कार्डाला कोमट झालेली. माथ्यावर बसवला तर उलट. यातून पूर्ण सुटका नाही. अशा पेटीत दोन-तीन अंशांसाठी नव्हे, तर एकूण हवेच्या प्रवाहाची आखणी म्हणून पाण्याची योजना निवडावी.

राहिला प्रश्न बिघाडाचा. वायुशीतकात हलणारा भाग एकच : पंखा. तो थांबला तरी पाती काही काळ सौम्य काम निभावतात, आणि नवा पंखा थोड्या पैशांत मिळतो. पाण्याच्या बंदिस्त योजनेत पंप थांबला की मिनिटाभरातच वेग घटू लागतो, आणि बहुधा सारे उपकरणच बदलावे लागते. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात असल्याने होणारे क्षरण टाळण्यासाठी त्यात रसायने मिसळलेली असतात, तरीही वर्षानुवर्षे नळ्यांच्या भिंतींतून पाणी कणाकणाने उडत राहते. उत्पादक बहुधा पाच-सहा वर्षांचीच हमी देतात, त्यामागे हेच कारण असावे. गळती क्वचितच होते, पण झाली तर सर्वांत महागड्या भागावर, म्हणजे खालच्या ग्राफिक्स कार्डावर, होण्याची शक्यता असते. बसवताना पंप हा नळ्यांच्या मांडणीतील सर्वांत उंच भाग होऊ देऊ नये. आतील हवेचे बुडबुडे तेथे जमतात आणि पंप कुरकुरू लागतो.

दोन्ही प्रकारांत बसवणाऱ्याची एक चूक फार आढळते. शीतकाच्या तळावर संरक्षणासाठी पातळ पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो. तो सोलून काढायचा राहिला, तर धातू आणि प्रोसेसर यांच्यामध्ये प्लॅस्टिक अडकते आणि कितीही महाग शीतक असले तरी यंत्र थोड्याच वेळात तापून मंदावते. खरेदी केलेले शीतक परत करण्यापूर्वी ते एकदा उतरवून तळ पाहावा.