लॅपटॉप कधी चालू, कधी मुका : तालुक्याला नेण्याआधी हे बघा

मंडळी, विहिरीवरची मोटर बंद पडली तर आपण काय करतो? आधी लाईट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटर उचलून वाइंडिंगला न्यायची वेळ सगळ्यात शेवटी येते, कारण त्यात पैसा जातो. पण ग्रामपंचायतीतला किंवा घरातला जुना लॅपटॉप सुरू झाला नाही, की आपण तो सरळ पिशवीत घालतो आणि तालुक्याची एस.टी. धरतो. तिथं दुकानदारानं बटण दाबलं की पठ्ठ्या लगेच सुरू! आपण ओशाळून परत येतो. दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी चार माणसं दारात उभी, अर्जाची शेवटची तारीख, आणि पडदा पुन्हा काळा.

पूर्ण बंद पडलेलं यंत्र एकवेळ परवडलं. अधूनमधून रुसणाऱ्याचा दोष पकडायला जावं तेव्हा तो हजर नसतो. म्हणून पहिलं काम म्हणजे वही. लॅपटॉप रुसला की तारीख, वेळ, चार्जर लावला होता की नाही, कुठला दिवा लागला, पंखा फिरला का, एवढं लिहून ठेवा. आमच्या घरच्या लॅपटॉपची अशी नोंद ठेवली तेव्हा आठवड्यात उमगलं, की बॅटरी उतरलेली असते त्याच सकाळी तो दगा देतो. रात्रभर चार्जर लावूनही चार्जिंग होत नव्हतं. पिनेजवळ वायर आतून तुटली होती, वाकवली की लागायची, सरळ केली की सुटायची. त्याआधी एका दुकानात ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगून झालं होतं, ते असो.

आता बटण दाबल्यावर काहीच होत नाही, दिवाही लागत नाही, असं असेल तर प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा डोंगल, पेन ड्राईव्ह सगळं सोडवा. चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा आणि बटण तीसपर्यंत आकडे मोजत दाबून धरा. आत अडकून राहिलेला करंट त्यानं निघून जातो. मग बॅटरीविना फक्त चार्जर लावून बघा. सुरू झाला तर संशय बॅटरीवर. बॅटरी आत बसवलेली असेल तर चार्जर काढून बटण तसंच दाबून धरायचं. मात्र बॅटरी फुगली असेल, म्हणजे बोट फिरवायची पट्टी वर आली असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर लॅपटॉप वापरूच नका. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, उकिरड्यावर किंवा जाळात टाकू नका. ती पेट घेते.

‘गावात व्होल्टेज कमी, म्हणून सुरू होत नाही’ हे आपलं ठरलेलं कारण. पण चार्जरच्या डबीवर बघा, बहुतेकांवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे दिवा पिवळा पडला तरी चार्जर सहसा चालतो. खरा धोका गेलेली लाईट एकदम येते तेव्हाच्या झटक्याचा, त्यामुळे लाईट गेली की प्लग काढून ठेवलेला बरा. दुसऱ्याचा चार्जर लावताना आउटपुटचे व्होल्ट (बहुधा १९ किंवा १९.५) तेच हवेत आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत. पिन बसली म्हणजे चार्जर जमला असं नाही.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा? अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरकी बॅटरी मारा. अंधूक अक्षरं दिसली तर यंत्र चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेलाय. काहीच दिसलं नाही तर टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला जोडून बघा. तिथंही काळोख असेल तर बऱ्याचदा दोष रॅमच्या पट्टीचा निघतो. पावसाळ्यातली ओल आणि धूळ तिच्या सोनेरी दातांवर बसते आणि कनेक्शन कधी लागतं, कधी नाही. मोटारसायकलवर हिंदकळून तालुक्याला गेलेला लॅपटॉप तिथं सुरू होतो, त्याचं गुपित पुष्कळदा हेच. चार्जर आणि बॅटरी काढा, लोखंडी वस्तूला हात लावून घ्या, मागचं झाकण उघडा, पट्टी काढून दात साध्या खोडरबरानं हलके पुसा आणि खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघा. वॉरंटीत असेल तर किंवा सरकारी असेल तर मात्र स्वतः उघडू नका, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असलेल्या वस्तूचं उत्तर द्यावं लागतं.

तारीख दर वेळी जुन्या सालावर जात असेल तर आतला बटणासारखा सेल संपलाय. बहुधा सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. तारीख चुकली की संकेतस्थळं ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवतात आणि दोष आपण नेटला देतो.

कंपनीचं नाव येऊन तिथंच अडकत असेल, किंवा डिस्क सापडत नसल्याचा संदेश येत असेल, तर आधी विसरलेला पेन ड्राईव्ह काढा. तरीही तेच, आणि आतून टिकटिक येत असेल, तर हार्ड डिस्क जायच्या वाटेवर आहे. तेव्हा उगाच बंद-चालू करत बसू नका. एकदा सुरू झाला की पहिलं काम नमुना ८ आणि ९ च्या याद्या, फोटो, हिशेब दुसरीकडे उतरवून घ्यायचं. सातबारा सर्व्हरवर असतो, तुमच्या एक्सेलच्या याद्या नसतात. मग एसएसडी बसवली तर जुना लॅपटॉपही पळायला लागतो.

विंडोज ८ पासून पुढं ‘शट डाऊन’ केलं तरी यंत्र बऱ्याचदा पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि सकाळी उठताना अडखळतं. शिफ्ट दाबून शट डाऊन करून बघा. यात खर्च शून्य.

चार्जर, रॅम, एसएसडी यांवर खर्च करायला माझी हरकत नाही. दहा वर्षं जुन्या यंत्राला मदरबोर्ड घालणं मात्र म्हाताऱ्या बैलाला नवी वेसण. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हे धरून हिशेब करा. दुकानात जाताना वही न्या, बदललेला जुना भाग परत मागा, आणि चार्जर न विसरता सोबत घ्या. निम्म्या वेळा दोष त्याच्यातच असतो आणि आपण तोच घरी ठेवून जातो.