इन्फ्रारेड सॉना: घामाने काय जाते आणि काय जात नाही

"डॉक्टर, अंगातलं विष घामावाटे निघून जातं म्हणतात. मग सॉना घेतला तर चालेल का?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत यवतमाळसारख्या ठिकाणीही विचारला जाऊ लागला आहे. कोणी पुण्याला मुलाकडे गेल्यावर जिममध्ये सॉना घेऊन आलेले असते, तर कोणी मोबाईलवर घडीच्या सॉनाची जाहिरात पाहिलेली असते. गुडघेदुखी, साखर, वजन, त्वचा अशा सगळ्यांवर हा एकच उपाय असल्याचे त्या जाहिरातीत लिहिलेले असते. त्यातले थोडे खरे आहे. पण "विष निघते" हा जो सर्वांत मोठा दावा आहे, तो आपल्या जिल्ह्यात तरी नीट तपासून घ्यायला हवा.

आधी सॉना म्हणजे काय ते पाहू. फिनलंडमधल्या पारंपरिक सॉनात खोलीतली हवा साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि त्या हवेने अंग तापते. इन्फ्रारेड सॉनात हवा त्यामानाने कमी, साधारण 45 ते 60 अंश असते. तिथले हीटर अवरक्त किरणे सोडतात आणि ती थेट त्वचेला तापवतात. हिवाळ्यात शेकोटीपासून दोन हात लांब बसले तरी तोंडाला ऊब लागते, ती याच किरणांमुळे. फिजिओथेरपीच्या खोलीत पाठीवर किंवा खांद्यावर जो लाल दिवा लावतात, तोही याच जातीचा. ही किरणे सूर्याच्या अतिनील किरणांसारखी नसतात. त्यांनी त्वचा काळवंडत नाही आणि त्यांचा एक्स-रेशीही काही संबंध नाही.

ही किरणे शरीरात कित्येक सेंटिमीटर खोल जाऊन अवयव "आतून स्वच्छ" करतात, असे विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात सॉनात वापरली जाणारी दूर-अवरक्त किरणे त्वचेच्या अगदी वरच्या थरातच शोषली जातात. ती मिलिमीटरभरही आत जात नाहीत. पुढे ती उष्णता रक्त वाहून नेते. मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब थोडा उतरतो, नाडी वाढते आणि घाम सुटतो. भरभर चालल्यावर हृदयाला जेवढे काम पडते, साधारण तेवढे काम इथे बसल्या जागी पडते. फायदा आणि धोका दोन्ही इथूनच येतात.

फायदा कुठे दिसला आहे

नेदरलँड्समध्ये संधिवात आणि मणक्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असलेल्या प्रत्येकी 17 रुग्णांना चार आठवड्यांत आठ वेळा इन्फ्रारेड सॉना दिला होता. सॉना घेतल्यावर दुखणे आणि सांध्यांचा ताठरपणा कमी झाला आणि आजार बळावला नाही. पण हा आराम तात्पुरता होता आणि रुग्णांची संख्याही फार थोडी होती.

जपानमध्ये "वाओन" नावाची पद्धत आहे. 60 अंशांच्या इन्फ्रारेड खोलीत 15 मिनिटे बसायचे, मग अर्धा तास ब्लँकेटमध्ये गुंडाळून पडून राहायचे आणि घामाने गेलेले पाणी पिऊन भरून काढायचे. हृदयाची ताकद कमी झालेल्या रुग्णांवर ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरली गेली. अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांची चालण्याची क्षमता थोडी सुधारलेली दिसली. मात्र हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्ततपासणीत, म्हणजे त्या चाचणीच्या मुख्य मोजमापात, सॉना घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत ठोस फरक आढळला नाही.

जाहिरातींत सर्वांत जास्त वापरला जातो तो फिनलंडचा अभ्यास. 2,300 हून अधिक मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे 20 वर्षे लक्ष ठेवले गेले. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मरण्याचे प्रमाण, आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. हा अभ्यास चांगला आहे, पण तो पारंपरिक गरम सॉनाचा आहे. रोज सॉनात बसायला ज्याला वेळ आणि तब्येत दोन्ही आहे, तो माणूस मुळात निरोगी असण्याची शक्यताही असते. फिनलंडच्या बर्फातला निष्कर्ष मे महिन्यातल्या यवतमाळला जसाच्या तसा लावता येत नाही. इथे पारा 44-45 वर गेलेला असताना पैसे देऊन घाम गाळायची गरज काय, असे मला प्रामाणिकपणे वाटते!

वजनाचे एका वाक्यात सांगतो: अर्धा तास सॉनात बसून काटा अर्धा किलो उतरला, तर ते अर्धा लिटर पाणी आहे, घरी जाऊन दोन-तीन ग्लास पाणी प्यायलात की परत येते.

घामाने विष निघते का?

घाम म्हणजे जवळजवळ सगळे पाणी आणि त्यात थोडे मीठ. काही धातू किंवा रसायने त्यात सापडतात, पण अत्यल्प. शरीर स्वच्छ करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. घामग्रंथींचे काम अंग थंड ठेवण्याचे आहे.

ही चर्चा आपल्याकडे केवळ पुस्तकी नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक जणांचा जीव गेला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर आणि तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. हातमोजे, मास्क नव्हते आणि अंग घामाने भिजलेले होते. यातली शेवटची गोष्ट सहज नजरेआड होते. गरम आणि घामेजलेल्या त्वचेतून कीटकनाशक जास्त वेगाने आत शिरते, कारण तिथला रक्तप्रवाह वाढलेला असतो आणि ओले कपडे औषध अंगाला चिकटवून ठेवतात.

अशा विषबाधेत बहुतेकदा जी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे असतात, ती मज्जातंतूंमधले एक विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतात. त्यामुळे लाळ गळते, उलट्या होतात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, छातीत घरघर होते आणि घामाच्या धारा लागतात. म्हणजे तो घाम विष बाहेर पडत असल्याची खूण नसतो, ते विषबाधेचे लक्षण असते. "घाम येतोय, निघून जाईल" म्हणून रुग्णाला घरी पांघरूण घालून झोपवले, तर उपचाराचे मोलाचे तास जातात. त्याला ॲट्रोपिनसारखी औषधे लागतात आणि ती रुग्णालयातच देता येतात. कपडे काढा, साबण आणि भरपूर साध्या पाण्याने अंग धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत आणा. धुणाऱ्याने स्वतःच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या का होईना, घालाव्यात.

ज्यांना फवारणीनंतर काहीच त्रास झाला नाही, त्यांनीही त्या दिवशी कडकडीत पाण्याची आंघोळ, वाफ, सॉना हे टाळावे. साबण लावून साध्या पाण्याने आंघोळ करावी आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

सॉना कोणी घेऊ नये

आपल्या भागात सर्वांत आधी सिकलसेल असलेल्यांनी. विदर्भात हा आजार अनेक समाजांत आढळतो आणि आपल्याला तो आहे हे बऱ्याच जणांना लग्नाच्या वेळी किंवा बाळंतपणात कळते. अंगातले पाणी कमी झाले की लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती, पोट यांत असह्य दुखणे सुरू होते. सॉनात नेमके पाणीच कमी होते. हाडे दुखतात म्हणून सिकलसेलचा रुग्ण शेक घ्यायला सॉनात गेला, तर दुखणे वाढून दवाखान्यात भरती व्हायची वेळ येऊ शकते. ज्यांना स्वतः आजार नाही पण जे वाहक आहेत, त्यांनीही कडक उष्णता आणि पाण्याची कमतरता टाळावी. घरात कोणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झाली नसेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्या, मग सॉनाचा विचार करा.

मधुमेह असलेल्यांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. पायांना बधिरपणा असेल तर चटका बसलेला कळत नाही आणि फोड आल्यावरच दिसतो. दुसरे म्हणजे इन्सुलिन घेतल्यावर अंग तापले, तर ते जास्त वेगाने रक्तात जाते आणि साखर एकदम उतरू शकते.

रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, सुरू असतील तर सॉनातून उठताना चक्कर येऊन पडायची भीती असते. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, छातीत दुखत असेल, हृदयाची झडप अरुंद झालेली असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय जाऊच नका. गर्भवतींनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, टाळावे. ताप असताना नको, दारू पिऊन तर अजिबात नको. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या पुरुषांनीही थांबलेले बरे, कारण सततच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या काही महिने घटते.

तरीही घ्यायचाच असेल तर

प्रकृती ठणठणीत आहे आणि हौस आहे, तर हिवाळ्यात घ्या. सुरुवातीला 10 मिनिटे पुरेत, पुढेही 20 च्या वर जाऊ नका. आधी आणि नंतर पाणी, ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत प्या. एकटे बसू नका. डोके हलके वाटले, मळमळले किंवा छातीत धडधड वाढली की लगेच बाहेर या आणि आडवे व्हा. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी टाका, पंखा लावा, 108 बोलवा आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी म्हणाल तर एवढा खर्च करायचे कारण मला दिसत नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने 15 मिनिटे शेकले तरी बराचसा तोच आराम मिळतो. सांधा ताजा मुरगळलेला असेल तर पहिले दोन दिवस शेक नको. लाल दिवा घरी आणला असेल तर तो दीड-दोन फूट लांब ठेवा आणि त्याखाली झोपी जाऊ नका. शेकल्यावर गुडघा मोकळा झालेला असतो, तेवढ्या वेळात फिजिओथेरपिस्टने शिकवलेला मांडीचा व्यायाम करून घ्या. सॉना घ्या किंवा घेऊ नका, साखरेची, रक्तदाबाची किंवा संधिवाताची चालू गोळी त्यासाठी बंद करू नका.