शेफर्ड्स पाय : काटकसरीची परंपरा
रविवारच्या भोजनातून उरलेले मेंढीचे भाजलेले मांस बारीक चिरून, कांदा, गाजर व रश्शासह शिजवून, त्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भट्टीत खरपूस भाजण्याची जी रीत ब्रिटनमधील काटकसरी गृहिणींनी एकोणिसाव्या शतकात रूढ केली, तीच शेफर्ड्स पाय होय. १९४० ते १९५४ या काळात सरकारी हुकमाने तेथे मांसाचे शिधावाटप सुरू होते, तेव्हा मांसाची उणीव कंदमुळांनी भरून निघाली. आज मसूर व रताळेही तितक्याच सन्मानाने या पाककृतीत दाखल झाले आहेत. मात्र सारण आटवून दाट करावे, अन्यथा बटाटा त्यात बुडतो, हा दंडक अबाधित आहे. घरात आहे त्याचे सोने करणे हाच या पदार्थाचा मूळ धर्म असल्यामुळे, असे फेरफार करणाऱ्या गृहिणीच परंपरेच्या खऱ्या वारसदार ठरतात.