पोलादी फ्रेम आणि तिला शोभणारा चिमटा

डोंगरातल्या पायवाटेवर चालवायची सायकल घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो फ्रेमचा आणि दुसरा पुढच्या चाकाला धरणाऱ्या चिमट्याचा, म्हणजेच फोर्कचा. पुष्कळजण हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवतात. आधी फ्रेम पसंत करतात आणि मग ‘जितका जास्त दबणारा चिमटा तितका चांगला’ असे मानून मिळेल तो मोठा चिमटा तिला बसवतात. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हा एकच प्रश्न आहे. तो चुकीचा सोडवला, तर सायकल वळवायला अवघड होते आणि ऐन उतारावर फ्रेम हँडलपाशी तडकण्याचा धोका वाढतो.

आपण येथे ‘हार्डटेल’ सायकलीचा विचार करणार आहोत. हिचा पुढचा चिमटा स्प्रिंगवर किंवा कोंडलेल्या हवेवर दबतो. मागचे चाक मात्र फ्रेमला पक्के जोडलेले असते. डोंगरी सायकलींचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॅरिन परगण्यात झाला. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावीत. जुन्या फ्रेम त्या माराने वाकत, मोडत. म्हणून १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची, खास या कामासाठी फ्रेम बांधली. दबणारा चिमटा त्यानंतरचा. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला चिमटा १९८९ च्या सुमारास आला.

पोलादच का?

पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, तर ॲल्युमिनियमचा ७०. घनता अनुक्रमे ७.८५ आणि २.७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. गुणांकाला घनतेने भागा. दोन्हीकडे उत्तर २६ च्या जवळपास येते! म्हणजे वजनाच्या मानाने ताठपणात दोन्ही धातू सारखेच. मग पोलादाचा विशेष कोणता?

एक तार घेऊन पुन्हा पुन्हा वाकवा. एकदा वाकवून न तुटणारी तार काही वेळाने तुटते. हा धातूचा थकवा. जर्मन अभियंते ऑगस्ट वोलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. पोलादाच्या बाबतीत ताणाची एक सहनमर्यादा आढळते. ताण तिच्या आत राहिला, तर तो कितीही वेळा आला तरी पोलाद सहसा तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ताण मुळातच कमी राहावा यासाठी नळ्या जाड व रुंद ठेवतात. पोलादाच्या नळ्या बारीक व पातळ चालतात. मात्र जोडाच्या जागी पोलादही तितके बिनधास्त नसते, हे ध्यानात ठेवा.

पातळ नळीचा वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २८.६ मिलिमीटर व्यासाऐवजी तितक्याच जाडीची ३१.८ मिलिमीटरची नळी घेतली, तर वजन ११ टक्के वाढते, पण ताठपणा सुमारे ३७ टक्के! कागदाचे दोन सारखे ताव घ्या. एकाची बारीक आणि दुसऱ्याची रुंद नळी करा, दोन विटांवर आडव्या ठेवा आणि मध्ये वजने टांगा. रुंद नळी कमी वाकेल. पण फारच रुंद केली तर तिची पातळ भिंत चेपून ती एकदम बसेल. म्हणूनच व्यासाला मर्यादा पडते.

चांगल्या फ्रेमच्या नळ्या टोकांना, जोडाजवळ, जाड आणि मध्ये पातळ असतात, उदाहरणार्थ ०.८, ०.५ आणि पुन्हा ०.८ मिलिमीटर. जेथे ताण अधिक तेथे धातू अधिक, असा हा हिशेब. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी अशा नळ्यांचे पेटंट १८९७ मध्येच घेतले होते.

‘पोलादी फ्रेम धक्के गिळते’ असे ऐकू येते. पण फ्रेम ही त्रिकोणांची रचना आहे, आणि त्रिकोण उभ्या दिशेने फारच थोडा दबतो. त्याच्या कितीतरी पट टायर दबतो. धक्के कमी करायचे, तर आधी रुंद टायर आणि त्यातील हवेचा योग्य दाब पाहावा.

चिमटा किती लांब?

आता चिमट्याकडे वळू. समजा, २९ इंची चाकांच्या एका सायकलीत दोन आसांमधील अंतर ११०० मिलिमीटर आहे. चिमट्याची लांबी आसापासून वरच्या जोडापर्यंत ५०० मिलिमीटर असून तो १०० मिलिमीटर दबतो. तो जमिनीशी ६९ अंशांचा कोन करतो. आता त्याजागी २० मिलिमीटर लांब चिमटा बसवला. पुढची बाजू जवळजवळ १९ मिलिमीटर उचलली जाते. १९ भागिले ११०० म्हणजे ०.०१७ रेडियन, अर्थात सुमारे एक अंश. कोन ६८ झाला आणि पायडलचा आस सुमारे ७ मिलिमीटर वर गेला.

एका अंशाने काय बिघडते? चिमट्याच्या दांडीची रेषा खाली वाढवली, तर ती जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे मिळते. या दोन बिंदूंमधील अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. चाक सरळ धावते ते बऱ्याच अंशी या अंतरामुळे. चाकाचा आस दांडीच्या रेषेपुढे ४४ मिलिमीटर असेल, तर आपल्या उदाहरणात ट्रेल ९४ वरून १०१ मिलिमीटर होतो. सायकल वेगात अधिक स्थिर होते, पण चढावर हळू जाताना हँडल एका बाजूला कलंडू पाहते.

हार्डटेलमध्ये आणखी एक गोष्ट घडते. चिमटा दबतो तेव्हा केवळ पुढची बाजू खाली जाते. १०० मिलिमीटर पूर्ण दबताना कोन जवळजवळ ५ अंशांनी बदलतो. १४० दबणाऱ्या चिमट्यात सुमारे ७ अंशांनी. म्हणजे तीव्र उतारावर, नेमकी स्थिरता हवी तेव्हा, ट्रेल घटतो. जास्त दबणारा चिमटा सरसकट चांगला का नाही, याचे हे उत्तर.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तरफेचा. चिमटा ही लांब तरफ आहे आणि तिचा जोर हँडलखालच्या आखूड नळीपाशी, खालची तिरपी नळी जेथे जोडलेली असते तेथे, येतो. आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकातील एका चाचणीत डोंगरी सायकलीच्या पुढच्या आसावर पुढे १२०० आणि मागे ६०० न्यूटन बल ५०,००० वेळा आलटूनपालटून लावतात. चिमटा ५०० मिलिमीटरचा धरला, तर १२०० न्यूटन बलाचे परिबल ६०० न्यूटन-मीटर. ५४० मिलिमीटरचा धरला तर ६४८. (चिमटा तिरपा असल्याने खरे आकडे थोडे कमी, पण प्रमाण तेच.) म्हणजे प्रत्येक धक्क्याला ताण ८ टक्क्यांनी वाढला. पोलादाची सहनमर्यादा ओलांडायला इतकी वाढही पुरी पडू शकते, आणि मग पोलादाचा मुख्य गुणच हातचा जातो.

तेव्हा निवड करताना क्रम असा ठेवा. आधी वाट कोणती, ते ठरवा. नेहमीच्या पायवाटांना १०० ते १२० मिलिमीटर दबणारा चिमटा पुरतो. मग फ्रेम बनवणाऱ्याने तिच्यासाठी कोणती लांबी आणि किती दब सांगितली आहे, ते वाचा आणि ती कमाल मर्यादा ओलांडू नका. ताठ, न दबणारा चिमटा घ्यायचा असेल, तर तो सुमारे २० मिलिमीटर आखूड घ्या. कारण स्वार बसताच दबणारा चिमटा तेवढा खाली बसतोच. दांडी सरळ २८.६ मिलिमीटरची आहे, की खाली ३८.१ पर्यंत रुंद होत जाणारी, हे नळीशी जुळवून पाहा. चिमट्यात केवळ स्प्रिंग आहे, की तेलाचे शमनही आहे, ते विचारा. स्प्रिंग ऊर्जा साठवून परत उसळवते. तेल तिची उष्णता करून टाकते. आणि कोकणासारख्या पावसाच्या प्रदेशात नळ्यांना आतून तेल द्यायला विसरू नका. गंजलेल्या जागेपासून थकव्याची चीर सुरू होऊ शकते.

आज घरी जी सायकल असेल तिच्याजवळ ओळंबा, दोरी आणि कोनमापक घेऊन बसा. चिमट्याचा कोन आणि ट्रेल मोजा, वहीत लिहा. मग पुढच्या चाकाखाली २० मिलिमीटरची फळी सारा आणि कोन पुन्हा मोजा. आपण वर केलेला हिशेब तुमच्या सायकलीवर पडताळून पाहता येईल.